दोन बॅटऱ्यांची नाव

या वहीतलं शुद्धलेखन कोणी तपासू नये. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट आलं नाही, आणि अक्षर तर पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांसारखं, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. चौथी झाली आणि शाळा सुटली, तेव्हापासून पेन हातात धरला तो सही करायला किंवा किराणा लिहायला. सुनेच्या शिवणक्लासची ही वही अर्धी कोरी पडून होती. दुपारी घरातले सगळे कामावर गेले की मी दार लोटून घेते आणि चार ओळी लिहिते. कोणाची चाहूल लागली की वही तांदळाच्या डब्यामागे सारते. या वयात लाजायचं काय, असं कोणी विचारेल, पण माझा स्वभावच तसा आहे. तरण्या वयात तर त्याहून वाईट होतं. माणसं जमली की माझ्या घशाला कोरड पडायची, आणि कोणी नाव विचारलं तरी मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहायची. अशा मला एकदा भर माणसांत ओरडावं लागलं. ते लिहून ठेवायचं आहे.

आमचं गाव तापीच्या अल्याडच्या काठावर, जळगाव जिल्ह्यात, आणि पाण्यापलीकडे दिसायचा तो धुळे जिल्हा. बाजार, दवाखाना आणि एसटी अमळनेरला. पण गावातल्या निम्म्या लोकांची शेतं आणि सोयरीक पल्याड. मधे माझ्या बापाची नाव. सगळं गाव त्यांना उत्तमभाऊ म्हणायचं, आम्ही आबा म्हणायचो. आधी ती वल्ह्याची नाव होती. मग आबांनी भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं, जीपचा काटे असलेला पत्राही तसाच काढून इंजिनाच्या पेटीवर ठोकला, आणि पुढच्या टोकाला एक मोठा दिवा आणि भोंगा लावला. आमचं घर काठाला लागूनच होतं, त्यामुळे मला नावेच्या आवाजावरून वेळ कळायची. पल्याडून कोणी तोंडाशी हात धरून ‘ओऽऽ नाव’ अशी हाक दिली की आबा ताटावरून उठायचे. माय म्हणायची, ‘घास तं गिळा.’ आबा म्हणायचे, ‘तो तठे उभा शे ना.’ ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा तसाच ताटात राहायचा, आणि थोड्या वेळाने इंजिन धगधग करत लांब जायचं. तो आवाज पाण्याच्या मध्यापर्यंत जड यायचा आणि पुढे हलका होत जायचा. हलका झाला की माय ताट झाकून ठेवायची.

कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी तो आवाज मध्यावरच बंद पडला. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, हे खानदेशात वेगळं सांगायला नको. पल्याडच्या गावची मंडळी आमच्या गावात पाहुणी आली होती, आणि परत जाताना त्यांनी नावेत टेप वाजवायचा हट्ट धरला. मोठा कर्णा होता. त्याच्या वायरी त्यांनी आबांच्या बॅटरीला लावल्या. आबा भिडस्त, देवाचं काम म्हणून काही बोलले नाहीत. नाव काठाला उभी असतानाच गाणी दीड-दोन तास चालली, मग निघाली, आणि मध्यावर इंजिन बंद पडल्यावर बॅटरीत दम उरला नव्हता. पाणी पुराचं होतं. नाव आडवी होऊन वाहत खाली गेली आणि बाभळींच्या बुडालेल्या रांगेत अडकली. माणूस गेलं नाही, पण एका म्हातारीचा हात मोडला, आणि बायका तीन तास बाभळींना धरून रडत होत्या. मी काठावरून ते रडणं ऐकलं. पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो.

मग तक्रार गेली, आणि तालुक्याहून कागद आला. नावेत दोन बॅटऱ्या पाहिजेत, एक संपली तर दुसरीवर घेता येईल असा खटका पाहिजे, आणि साहेबांनी येऊन तपासल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. तपासणीत नापास झालो तर घाटाची परवानगी दुसऱ्याला. तो कागद मीच वाचून दाखवला. घरात मला एकटीलाच वाचता यायचं. आबांनी तो पुन्हा वाचायला लावला, मग पुन्हा. ‘दुसऱ्याला’ या शब्दापाशी ते दरवेळी खोकायचे.

दोन महिने नाव काठाला बांधलेली पडून होती. आबा मजुरीला कपाशीच्या शेतात जायचे. त्यांना वाकून काम करायची सवय नव्हती. संध्याकाळी येऊन भिंतीला पाठ लावून बसायचे आणि पल्याडून हाक आली की अंग उचलून पुन्हा खाली बसायचे. स्वयंपाकात तेल कमी झालं. माय तुरीच्या डाळीचे फुनके वाफवायची आणि कढी पातळ करायची. चव तीच होती, पण वाढताना तिचा हात आखडलेला मला दिसायचा. तिने एकदाही आबांना दोष दिला नाही. फक्त टेप वाजलेला तिला कुठे ऐकू आला की ती उठून आत जायची.

दुसरी बॅटरी आणि खटका आणायला आबा मला घेऊन अमळनेरला गेले. एसटी स्टँडच्या मागे रज्जाकभाईंचं दुकान होतं. ट्रक-ट्रॅक्टरच्या वायरिंगचं काम करायचे. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, बाहेर फळीवर बॅटऱ्यांची रांग, आणि ॲसिडचा असा वास की जिभेवर चिंच ठेवल्यासारखं व्हायचं. आबांना जवळचं दिसत नव्हतं, चष्मा केला नव्हता, म्हणून रज्जाकभाई जे सांगतील ते मी लक्षात ठेवायचं असं ठरलं. खटका म्हणजे बशीएवढी काळी गोल चकती, मधे फिरवायची मूठ. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. इंग्रजी आमच्या वेळी पाचवीपासून, त्यामुळे मला एक आणि दोन एवढे आकडेच ओळखू आले.

‘घाबरू नको बेटी,’ रज्जाकभाई म्हणाले. ‘चार घरं आहेत बघ. खाली बंद. इकडे एक नंबर, तिकडे दोन नंबर. वरचं घर म्हणजे दोन्ही. एक नंबरवर रोज चालायचं. ती बसली तर दोन नंबर. दोन्ही मिळून जोर लावायचा असेल तर वर. पण एक गोष्ट, इंजिन चालू असताना मूठ कधी बंदवर न्यायची नाही. समजलं?’

मी मान हलवली.

‘ही मानच हलवते का?’ त्यांनी आबांना विचारलं.

‘घरमा बोलस,’ आबा म्हणाले. ‘भायेर नही.’

रज्जाकभाई हसले. त्यांनी फळीवर दोन बॅटऱ्या मांडल्या, खटका मधे ठेवला आणि माझ्याकडून तीन वेळा जोडून घेतलं. दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस एकत्र, इंजिनाच्या अंगाला. एकीचा प्लस खटक्याच्या एक नंबरला, दुसरीचा दोन नंबरला. मधल्या बोल्टवरून एक जाड वायर स्टार्टरला, आणि बारीक वायर काट्यातून जाऊन दिव्याला. त्यांच्या दुकानात प्लसच्या खुंटीला लाल रंगाचं बोट लावलेलं असायचं. ‘रंग बघायचा,’ ते म्हणाले. ‘लाल ते प्लस. उलटसुलट झालं आणि तू मूठ वरच्या घरात नेलीस तर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना खातील. वायर लाल होईल, बॅटरी फुटेल, ॲसिड तोंडावर. म्हणून रंग.’ मग काट्याचं सांगितलं. इंजिन बंद असताना दिवा लावला की काटा डावीकडे झुकतो, म्हणजे खर्च. इंजिन चालू झालं की उजवीकडे, म्हणजे भरणा.

हे सगळं ते स्वतः येऊन लावणार होते. मला शिकवलं ते नंतर काही बिघडलं तर आबांना सांगता यावं म्हणून. पण दसऱ्याच्या तीन दिवस आधी निरोप आला की त्यांच्या आईला धुळ्याला दवाखान्यात नेलं आहे, ते आता सण झाल्यावरच येतील. आणि साहेबांची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळची. आबांनी गावातल्या पंपाच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, मी मोटारी बांधतो, नावेत हात घालणार नाही, उद्या बुडाली तर माझं नाव येईल. आबा घरी आले. मी चुलीपाशी होते. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

‘सुमी, तुले येस ना?’

मी मान हलवली.

‘तूच लाव मंग. पण तू लावं हाई कोणले सांगू नको. रज्जाकभाईनी लावं, असं सांगानं.’

आज मला कोणी असं म्हटलं तर मी विचारीन, का? त्या वेळी ते मला आपोआप पटलं. पोरीने जोडलेल्या वायरीवर कोण नावेत बसणार? आणि मलाही बरंच वाटलं की कोणाला कळणार नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. वल्हं, नांगर टाकायचा दोर, पाना, हातोडी हे सगळं धुऊन पाटावर. त्या वर्षी पूजेत दोन्ही बॅटऱ्याही होत्या. नावेत बसवलेली जुनी बॅटरी जागेवरच पुजली, नवी मात्र अंगणात पाटावर होती. मायने नवीवर नारळ फोडला, पाणी तिच्यावरच ओतलं, आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं भरून दोन्ही खुंट्यांना लावली. देवाच्या डोळ्यांना लावावं तसं, भरघोस. त्या बॅटरीवर आमचं काय काय अवलंबून आहे ते तिला माहीत होतं, म्हणून तिने हात आखडला नाही. उजव्या खुंटीवर कुंकू जास्त पडलं, कारण ती तिच्या हाताशी होती.

दुपारी मी नवी बॅटरी नावेत ठेवून जोडायला बसले. नारळपाण्यात कुंकू घट्ट वाळून बसलं होतं. खुंटीखालचं बेरजेचं आणि वजाबाकीचं चिन्ह मला वाचता आलं असतं, चौथीपर्यंत तेवढं गणित झालं होतं. पण ती चिन्हं कुंकवाखाली गेली होती. मी ओलं फडकं घेतलं तशी माय काठावरून म्हणाली, ‘पुसू नको व माय. दसरा व्हई जाऊ दे, मंग पुस.’ पूजेचं कुंकू सण असताना पुसत नाहीत. मलाही ते करवलं नसतं. मी दोन्ही खुंट्या निरखून पाहिल्या. उजवी जास्त लाल होती, आणि तिच्या बुडाशी रंगासारखं काही चकाकत होतं. रंग बघायचा, असं रज्जाकभाई म्हणाले होते. मी उजवीला प्लस धरलं.

एक गोष्ट त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवी होती. प्लसच्या वायरीचं पितळी कडं त्या खुंटीवर सैल बसत होतं, गोल फिरत होतं. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून त्यात घातली आणि आवळलं. मायनसचं कडं उलट दुसऱ्या खुंटीवर बसता बसेना, ते लाकडाच्या ओंडक्याने ठोकून बसवलं. मला वाटलं, कडी स्वस्तातली आहेत. प्लसची खुंटी जाड असते आणि मायनसची बारीक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता माझ्या घरी इनव्हर्टर आहे, त्याचा माणूस येतो तेव्हा मी लांबून त्याच्या हाताकडे बघत असते. तो रंग बघत नाही, खुंटीवरून अंगठा फिरवतो.

इंजिन सुरू करायची मनाई होती आणि काठावर कोणी ना कोणी असायचंच, म्हणून फक्त दिवा लावून पाहायचा ठरला. मी पुढच्या टोकाला दिव्यापाशी गेले, आबा खटक्यापाशी बसले. मी त्यांना घरं पाठ करून दिली होती. त्यांनी बोटाने चाचपत मूठ एक नंबरवर नेली. दिवा लागला. मग बंदवरून दोन नंबरवर. दिवा लागला. आबा जागच्या जागी उठून उभे राहिले आणि नाव हलली. दिव्याला वीज कोणत्या बाजूने आली त्याचं काही नसतं, तो कसाही लागतो. काटा आबांच्या समोर होता, पण आबांना तो दिसत नव्हता, आणि मी दिव्यापाशी होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. धुकं विरळ होत होतं. काठावर निम्मं गाव जमलं होतं, आणि नावेत बसायला पल्याड जाणारी दहा-बारा माणसं दोन महिन्यांत पहिल्यांदा रांगेत उभी होती. त्यांच्यात दगडूनाना होते, दुधाच्या किटल्या घेऊन. कानबाईच्या दिवशी ते नावेत होते, आणि तक्रारीवर पहिला अंगठा त्यांचाच होता.

‘उत्तमभाऊ,’ ते मोठ्याने म्हणाले, ‘आते दोन बॅटऱ्या शेतस. एक टेपले, आनि दुसरी काय नाचाले?’

लोक हसले. आबाही हसले, पण त्यांच्या मानेची शीर उडत होती.

साहेब वयाने फार नव्हते. त्यांनी बूट काढून हातात घेतले, पँट दुमडली आणि नावेत आले. कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, ‘वायरिंग कोणी केलं?’

‘अमळनेरचे रज्जाकभाई,’ आबा म्हणाले. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. साहेबांनी लिहिलं.

मी तेव्हा मायने दिलेला चहा घेऊन नावेत चढले होते. ताटलीत तीन कप. साहेबांच्या समोर जाऊन उभं राहायचं या विचारानेच माझे कान तापले होते, म्हणून मी खाली बघत होते. खाली इंजिनाची पेटी आणि तिच्यावरचे काटे. ‘एक नंबर दाखवा,’ साहेब म्हणाले. आबांनी मूठ फिरवली, दिव्याचा खटका दाबला. पुढे उजेड पडला, काटा डावीकडे झुकला. खर्च. ‘भोंगा.’ भोंगा वाजला, काठावरची पोरं ओरडली. ‘बंद. आता दोन नंबर.’

आबांनी मूठ बंदवरून दोन नंबरवर नेली. दिवा लागला. काठावरून कोणी तरी म्हणालं, ‘लागना ना भो!’ आणि मी पाहिलं, काटा उजवीकडे गेला.

इंजिन बंद होतं. भरणा कुठून येणार? मला वाटलं मी उभी आहे त्या बाजूने उलट दिसतं आहे. मी कप सावरत थोडी सरकले. काटा उजवीकडेच होता. मग एकदम मला ते सैल कडं आठवलं, ती पत्र्याची पट्टी, तो ओंडका, आणि मायचं बोट.  सगळं उलटं होतं. एक नंबर सुलट आणि दोन नंबर उलट.

‘ठीक,’ साहेब म्हणाले. ‘आता दोन्ही एकत्र घ्या आणि इंजिन सुरू करा. माणसं चढू द्या, भरल्या नावेवर बघू.’

दगडूनानांनी किटली आत ठेवली. एक बाई कडेवर पोर घेऊन चढली. दोन्ही बॅटऱ्या आबांच्या गुडघ्याशी होत्या, शेजारी डिझेलचा डबा. आबांनी कपाळाला हात लावून तापीला नमस्कार केला आणि मूठ धरली.

मला बोलायचं होतं आणि आवाज येत नव्हता. हे मी वाढवून सांगत नाही.  त्याच वेळी डोक्यात दुसरंही चालू होतं. मी बोलले तर आबा खोटे पडतील. साहेबांनी रज्जाकभाईंचं नाव शाईने लिहिलं होतं. घाट जाईल. आबा परत कपाशीत जातील. न बोलता हात धरावा म्हणून मी पुढे झाले तर ताटली मधे आली. आबांची बोटं मूठ चाचपत होती, वरचं घर शोधत होती.

‘आबाऽऽ हात काढा!’

तो आवाज पल्याडच्या काठावर आपटून परत आला असं लोक नंतर कितीतरी दिवस सांगत होते. कप पडले. कडेवरचं पोर रडायला लागलं. विस्तवाला लागावा तसा आबांनी हात मागे घेतला.

‘काय व्हयनं?’ आबा म्हणाले.

‘कोण ही?’ साहेबांनी विचारलं.

‘दोन नंबरची बॅटरी उलटी लागली आहे,’ मी म्हणाले. आता आवाज थांबवता येत नव्हता. ‘काटा बघा. वरच्या घरात नेलं तर फुटेल. माणसं उतरवा.’

‘तुला काय कळतं त्यातलं?’

‘मी लावली आहे.’

 दगडूनानांनी किटली उचलून पुन्हा काठावर ठेवली, आणि ती बाई उतरली. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग आबांकडे. ‘उत्तमराव, तुम्ही तर रज्जाकभाई सांगितलं.’

आबांनी टोपी काढली. उघड्या डोक्याचे आबा मी तोपर्यंत फक्त घरात पाहिले होते. ‘खोटं बोलनू साहेब,’ ते म्हणाले. ‘तो नही उना. पोरनी लावं. तिले शिकाडेल शे त्यानीच.’

‘पोरीनं!’ काठावरून एक जण म्हणाला. ‘बरं व्हयनं, आपन चढनूत नही.’

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. पण ते उठले नाहीत. ते काट्याकडे वाकून बघत होते. ‘मला दाखव,’ ते म्हणाले. ‘कुठे उलटं आहे?’

मी पेटीशी बसले. आधी मूठ बंदवर नेली, मग पाण्यात ओढणीचं टोक बुडवून उजव्या खुंटीवरचं कुंकू पुसलं. काठावर माय उभी होती, मला तिच्याकडे बघवलं नाही. लाल पाणी बॅटरीवरून ओघळलं आणि खाली वजाबाकीचं चिन्ह निघालं. डाव्या खुंटीवरचं पुसलं, तिथे बेरजेचं, आणि त्याच्यावर रज्जाकभाईंच्या रंगाचं बोट. ‘पूजेच्या कुंकवाने झाकलं गेलं होतं,’ मी म्हणाले. ‘दिवा कसाही लागतो, म्हणून परवा कळलं नाही.’

मी पाना मागितला. आबांनी दिला. ठोकून बसवलेलं कडं निघेना, तेव्हा साहेबांनी स्वतः बॅटरी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि त्यांच्या बाहीला कुंकू लागलं. पत्र्याची पट्टी काढून मी पाण्यात टाकली. कडी बदलली. प्लसचं कडं जाड खुंटीवर असं बसलं की हलेना. मायनसचंही.  

‘दोन नंबर,’ साहेब म्हणाले. मी मूठ नेली. दिवा लागला, आणि काटा डावीकडे झुकला. साहेबांनी मान हलवली. ‘आता वर.’

मी आबांकडे बघितलं. आबा बघत होते ते पाण्याकडे. मी मूठ वरच्या घरात नेली. काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला नको होतं ते झालं नाही. आबांनी स्टार्टर दाबला आणि दोन महिने गप्प असलेलं इंजिन एका दमात उठलं.

माणसं मात्र चढेनात. इंजिन चालू, नाव हलते आहे, आणि काठावर सगळे एकमेकांच्या मागे. दगडूनाना म्हणाले, ‘साहेब बसतीन तं मी बसस.’ साहेब म्हणाले, ‘मी बसलेलाच आहे, पण ही मुलगी खटक्यापाशी बसेल. जाऊन येऊन बंद पडली नाही तर सही करतो. आणि रज्जाकभाईंना सण झाल्यावर बोलवायचं, त्यांनी बघून कागद द्यायचा.’ त्यांनी मघाचं नाव खोडलं आणि तिथे काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी मला दाखवलं असतं असं वाटत नाही.

मग माय खाली आली. ती नावेत बसायची ती वर्षातून एकदा, माहेरी जाताना, तेही डोळे मिटून. ती लुगडं आवरून चढली आणि बॅटऱ्यांच्या अगदी जवळ बसली. तिच्या मागून दगडूनाना चढले. ‘चला,’ ते म्हणाले, ‘घरधनीनच बसनी, मंग आपन काय.’ मग सगळे.

नाव सुटली. धुक्याच्या चिंध्या पाण्यावरून सरकत होत्या. आबा सुकाणू धरून पुढे बघत होते, जवळचं त्यांना दिसत नव्हतंच, आणि मी त्यांच्या पायाशी पेटीजवळ बसले होते. नावेतली सगळी तोंडं माझ्याकडे. मला वाटलं, आबा रागावले आहेत. चार माणसांत मी त्यांना खोटं पाडलं होतं, आणि तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मध्य आला. कानबाईच्या दिवशी इंजिन इथेच बंद पडलं होतं, आणि ते नावेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.  दगडूनानांनी नावेची कड धरली. इंजिनाचा आवाज तेवढा जड येत होता.

तेव्हा आबांनी मान न वळवता, पुढच्या टोकाच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला विचारलं, ‘सुमी, काटा कोठे शे?’

मी पाहिलं.

‘उजवीकडे, आबा,’ मी तेवढ्याच मोठ्याने सांगितलं. ‘दोन्ही भरी राहिन्यात.’